सोंगटी घडविताना

आपल्या प्राथमिक शाळांतून पावसाळ्याच्या दिवसांत, मैदान चिखलाने भरलेले असता, सारीपाट, बुद्धिबळ, ल्यूडो असे बैठे खेळ खेळले जातात. पट खडूने जमिनीवर आखता येतो, कापडावर शिवता येतो. त्याची अडचण सहसा पडत नाही. अडचण पडते ती सोंगट्यांची. विकत आणलेल्या सोंगट्यांतील दोन-चार पहिल्याच महिन्यात हरवतात. मग त्यांच्या जागी खडे, चिंचोके, शाईच्या बाटलीची बुचे येतात, आणि कोणती सोंगटी कोणाची यावरून डाव मोडतो. अशा वेळी सोंगट्या शाळेतच घडविणे हा उपाय सर्वांस सुचतो. तो योग्यही आहे. परंतु सोंगटी घडवावयास घेण्यापूर्वी तिच्याकडून कोणते काम घ्यावयाचे आहे याचा विचार झाला नाही, तर श्रम वाया जातात. मजकडून तसे झालेले असल्यामुळे प्रथम तोच अनुभव सांगतो.

एका खेड्यातील शाळेत मी चौथीचा वर्ग शिकवीत असता मुलांकडून सारीपाटाच्या सोंगट्या करवून घेतल्या होत्या. कुंभाराकडून माती आणली, सोळा सारख्या गोल सोंगट्या वळल्या, भाजून आणल्या आणि प्रघाताप्रमाणे चार लाल, चार हिरव्या, चार पिवळ्या व चार काळ्या रंगविल्या. काम सुबक झाले होते. खेळ सुरू झाल्यावर मात्र एक मुलगा वारंवार दुसऱ्याची सोंगटी उचलून चालू लागला. त्याच्या सोंगट्या हिरव्या. पण तो लाल सोंगटी उचली आणि कोणी हटकले म्हणजे गोंधळून खाली ठेवी. मुलांनी त्यास लबाड ठरविले. मीही दोनदा समज दिली आणि तिसऱ्या वेळी आठवडाभर खेळातून बाजूस बसविले. त्याने काही उत्तर केले नाही.

पुढे दिवाळीच्या सुटीनंतर शाळेच्या परसातील मिरचीच्या रोपांवरून पिकलेल्या मिरच्या तोडून आणण्याचे काम त्याच्याकडे आले. इतर मुले दुरूनच पिकलेली मिरची हेरून तोडीत होती. हा मुलगा मात्र प्रत्येक मिरची दोन बोटांत धरून दाबून पाहत होता. ते पाहताच माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. वर्गात नेऊन त्याच्यापुढे सोंगट्या मांडल्या. काळ्या व पिवळ्या त्याने अचूक वेगळ्या केल्या. लाल व हिरव्या यांच्यापुढे तो थांबला, आणि मग अंदाजाने चार-चारांचे दोन ढीग केले. दोन्ही ढिगांत दोन्ही रंग होते.

लाल व हिरवा यांतील भेद न उमगणे हा दृष्टीचा जन्मजात विशेष असून तो बहुधा आईच्या कुळाकडून येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळच अधिक आढळतो. जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९४ साली स्वतःच्याच दृष्टीतील हा विशेष मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढे मांडला होता. त्यामुळे दृष्टी अधू होत नाही, वाचनलेखनास बाध येत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. मुलास स्वतःलाही आपण वेगळे पाहतो हे ठाऊक नसते. आपली जुनी सारीपाटाची चौरंगी मांडणी नेमक्या याच दोन रंगांवर अर्धी उभी आहे. दोष मुलाचा नव्हता, सोंगटीचा होता. अर्थात सोंगटी करविणाऱ्याचा, म्हणजे माझा होता.

त्या दिवशी मी हिरव्या सोंगट्यांच्या माथ्यावर करवतीच्या पात्याने एकेक खाच पाडली. एवढ्याने काम भागले. तो मुलगा खेळावयास लगेच आला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. मुलांची मने वळविण्यास खाच पाडण्याहून बराच अधिक काळ लागला.

यावरून सोंगटी घडविण्याचा मुख्य नियम निघतो तो असा, की तिची ओळख केवळ रंगावर अवलंबून ठेवू नये. ती आकारातही असावी. डोळे मिटून हातात घेतली तरी कोणती ते सांगता आले पाहिजे. हा नियम आपण आज नव्याने काढीत आहोत असे मुळीच नाही. निरनिराळ्या देशांतील कारागिरांनी तो आपापल्या परीने पाळलेला आहे, आणि त्यांची उदाहरणे मुलांस सांगण्याजोगी आहेत.

बुद्धिबळाच्या मोहऱ्यांचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपात मोहऱ्यांचे अनेक घाट प्रचलित होते. कित्येक घाटांत राजा, वजीर व उंट हे तिन्ही उंच, सडपातळ आणि कड्यांवर कडी चढविलेले असत. अनोळखी संचावर खेळणाऱ्याचा घोटाळा होई, आणि हात लागताच मोहरे कलंडे. इ. स. १८४९ मध्ये नाथानिएल कूक यांच्या नावे लंडनमध्ये एका नव्या घाटाची नोंद झाली आणि जॉन जॅक्स यांच्या कारखान्याने तो विक्रीस आणला. त्या काळचे नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांनी त्याचा पुरस्कार केल्यामुळे त्यास स्टाँटन घाट असे नाव पडले. आज जगभर सामन्यांत वापरतात तो हाच. त्याचे यश कशात आहे हे पाहिले म्हणजे सोंगटीची रचना कशी करावी ते कळते. प्रत्येक मोहऱ्याच्या माथ्यावर एकच ठळक खूण आहे: राजाच्या माथ्यावर क्रूस, वजिराच्या माथ्यावर दातेरी मुकुट, उंटाच्या माथ्यावर तिरपी चीर, हत्तीच्या जागी बुरूज, आणि घोड्याच्या जागी घोड्याचे तोंडच. बाकीचे सर्व अंग साधे. बूड रुंद, आणि उत्तम संचांत बुडात शिसे भरून ते जड केलेले. घोडा सोडला तर बहुतेक सर्व घडण कातकामाने होते, म्हणजे लाकूड फिरते ठेवून त्यावर पटाशी धरली की झाले. हाताने कोरावयाचे ते प्रामुख्याने घोड्याचे मस्तक. म्हणून संचाच्या किमतीत घोड्याचा वाटा मोठा असतो, आणि संच चांगला की वाईट हे जाणकार घोडा पाहूनच ठरवितो.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेने सामन्यांसाठी जी मापे सुचविली आहेत ती अशी: राजाची उंची सुमारे ९.५ सेंटिमीटर, वजिराची ८.५, उंटाची ७, घोड्याची ६, हत्तीची ५.५ व प्याद्याची ५. बुडाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के. घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर. शाळेत एवढे मोठे मोहरे लागत नाहीत. प्रमाण मात्र तेच ठेवावे. पाचवीच्या मुलांस ही मापे देऊन सर्वांचे निम्मे माप काढण्यास सांगितले, तर दशांश अपूर्णांकांचा एक पाठ अनायासे होतो.

अंध खेळाडूंसाठी हेच मोहरे थोडा फेर करून वापरतात. पटावरील काळी घरे पांढऱ्यांहून किंचित उंच असतात, प्रत्येक घरास भोक असते, मोहऱ्याच्या बुडास खुंटी असते, म्हणजे चाचपून पाहताना ते जागेवरून हलत नाही. आणि काळ्या मोहऱ्यांस बोटाला लागेल अशी निराळी खूण केलेली असते. प्रकार कोणता ते आकाराने कळते, बाजू कोणाची ते खुणेने कळते. रंगावाचून काहीच अडत नाही.

याहून चमत्कारिक युक्ती जपानी बुद्धिबळात आहे. त्यास शोगी म्हणतात. त्यात मारलेले मोहरे मारणाऱ्याच्या मालकीचे होते व तो ते आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवू शकतो. मोहऱ्यांना दोन रंग दिले असते तर हा खेळच अशक्य झाला असता. म्हणून चाळीसही मोहरी एकाच रंगाची, चपटी, पाचकोनी व एका अंगास निमुळती केलेली असतात. टोक ज्याच्याकडे वळलेले असेल त्याच्यावर ती चालून जात आहेत असे समजावयाचे. यामागाता प्रांतातील तेंदो हे गाव या मोहऱ्यांच्या घडणीसाठी प्रसिद्ध आहे. जपानातील दुसरा खेळ गो. त्यात नुसत्या काळ्या व पांढऱ्या गोट्या असतात. उंची गोट्यांपैकी पांढऱ्या शिंपल्यांच्या व काळ्या पाटीच्या दगडाच्या करतात. पांढरी वस्तू आहे त्याहून मोठी व काळी वस्तू लहान भासते, हे ओळखून कारागीर काळ्या गोटीचा व्यास सुमारे २२.२ मिलिमीटर व पांढरीचा २१.९ मिलिमीटर ठेवतात. तीन-दशांश मिलिमीटरचा हा फरक मुद्दाम ठेवला, की पटावर दोन्ही सारख्याच दिसतात. डोळ्यास जे दिसते त्यासाठी मापात फरक करण्याची ही दृष्टी आपण घेण्यासारखी आहे.

आता आपल्या शाळेकडे वळू. सारीपाटाच्या किंवा ल्यूडोच्या सोंगट्यांसाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे सुमारे २ सेंटिमीटर जाडीची सरळ, वाळलेली काठी. बाभूळ, सुबाभूळ, निंब, जे गावात मिळेल ते चालेल. ओली काठी घेऊ नये. सुकताना ती तडकते आणि सोंगटी चिरते. बांबूही चालतो, परंतु ओला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवावा, एरवी त्यास कीड लागते. काठीचे अडीच-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करवतीने पाडावेत. प्रत्येक तुकडा स्वतंत्र मोजू देऊ नये, लहान चुका वाढत जातात. लाकडाच्या एका पट्टीवर अडीच सेंटिमीटर अंतरावर अडसर ठोकून घ्यावा, काठी त्यास टेकवावी व कापावी. सर्व तुकडे सारखे निघतात.

चाळीस मुलांच्या वर्गात चौघांचा एक याप्रमाणे दहा डाव, म्हणजे १६० सोंगट्या लागतात. त्यांस ४०० सेंटिमीटर काठी पुरेल असे मुले झटकन सांगतात. पण करवत प्रत्येक कापाला सुमारे २ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. १६० कापांचे ३२ सेंटिमीटर झाले. हे उत्तर फळ्यावर न सांगता मुलांस काठी अपुरी पडू द्यावी. तो धडा ती विसरत नाहीत.

उंची वाढविण्याचा मोह मुलांस होतो, कारण उंच सोंगटी रुबाबदार दिसते. २ सेंटिमीटर बुडाची सोंगटी ५ सेंटिमीटर उंच केली तर पट सुमारे २२ अंशांनी तिरपा होताच ती कोलमडते; उंची अडीच सेंटिमीटरच ठेवली तर जवळजवळ ३९ अंशांपर्यंत ती उभी राहते. पाटीवर सोंगट्या ठेवून पाटीची एक बाजू हळूहळू उचलावी, म्हणजे हे प्रत्यक्ष दिसते. (सोंगटी घसरू लागल्यास खाली ओले फडके पसरावे.) उंच सोंगटी हवीच असेल तर बुडाशी खोलगट करून लोखंडी चकती, जिला कारागीर वायसर म्हणतात, ती बसवावी. शिसे वापरू नये. ते विषारी आहे आणि मुलांचे हात तोंडात जातात.

पटाचे घर केवढे ठेवावे हे सोंगटीच्या बुडावरून ठरवावे, घरावरून सोंगटी नव्हे. सारीपाटात दोन सोंगट्यांचे जुग एकाच घरात बसते, तेव्हा २ सेंटिमीटरच्या दोन सोंगट्या आणि बोटांस मोकळी जागा धरून घराची बाजू ५ सेंटिमीटर हवी. पटाच्या प्रत्येक फाट्यावर लांबीला ८ व रुंदीला ३ घरे असतात. म्हणजे ४० सेंटिमीटरचे दोन फाटे आणि मधला १५ सेंटिमीटरचा चौक मिळून पट ९५ सेंटिमीटरचा होतो. एक मीटर कापडात तो बसतो.

आता ओळखीची खूण. चार गडी, तेव्हा चार माथे हवेत. पहिल्याचा माथा सपाट ठेवावा. दुसऱ्याचा कानशीने घासून घुमटासारखा गोल करावा. तिसऱ्याच्या कमरेभोवती खोल खाच फिरवावी. चौथ्याच्या माथ्यात गिरमिटाने भोक पाडावे. माथ्यावर एक, दोन, तीन अशा रेघा कोराव्यात अशी सूचना काही शिक्षक करतात. मला ती पसंत नाही. रंगाचा थर बसला की रेघा बुजतात आणि बोटास मोजता येत नाहीत. सर्व सोंगट्या काचकागदाने घासून झाल्यावर पिशवीत घालाव्यात आणि प्रत्येक मुलाने आत हात घालून, न पाहता, मागितलेली सोंगटी काढावी. एखादा प्रकार वरचेवर चुकत असेल तर मुलास दोष न देता ती खूण अधिक खोल करावी.

यानंतर रंग. रंग देऊच नये असे माझे म्हणणे नाही. रंगाने मुलांस आनंद होतो आणि दुरून पट वाचता येतो. मात्र रंग निवडताना त्यांच्या नावांकडे न पाहता त्यांच्या उजळपणाकडे पाहावे. पांढरा, पिवळा, गेरूचा गडद तांबडा व काजळीचा काळा ही चौकडी बरी. तांबडा व काळा यांत फरक कमी वाटल्यास गेरूत थोडा चुना मिसळून तो उजळ करावा. हळदीचा पिवळा उन्हाने उडतो, तेव्हा पिवळ्या मातीचा, म्हणजे रामरजाचा, अधिक टिकतो. हे मातीचे रंग डिंकाच्या पाण्यात खलून लावावेत, म्हणजे हातास लागत नाहीत. परीक्षा दिवेलागणीच्या वेळी घ्यावी. उजेड अगदी मंद झाला की सर्वांच्याच डोळ्यांस रंगभेद कळेनासा होतो, केवळ फिके व गडद एवढेच उरते. त्या वेळी चारही जाती वेगळ्या दिसल्या तर रंगांची निवड साधली असे समजावे. कोकणातील शिक्षकांस सावंतवाडीकडील लाखकाम करणारे कारागीर भेटल्यास त्यांच्याकडून सोंगट्या रंगवून घेण्याजोग्या आहेत. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडास धरते, आणि तो रंग पाण्याने जात नाही.

मातीच्या सोंगट्या करावयाच्या असल्यास दोन गोष्टी सांभाळाव्यात. माती सुकताना व भाजताना आटते, आणि ती किती आटते हे गावोगावच्या मातीवर अवलंबून असते. म्हणून आधी एका वडीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ती वडी भाजून आणावी. रेघ ९ सेंटिमीटर भरली तर ओली सोंगटी किती मोठी वळावी ते त्रैराशिकाने काढता येते. दुसरे असे की भरीव सोंगटी भट्टीत फुटते, कारण आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होते. बुडाकडून अंगठ्याने ती पोकळ करावी आणि आठवडाभर सावलीत सुकू द्यावी. माझ्या पहिल्या संचातील सात सोंगट्या या कारणाने गेल्या होत्या, आणि कुंभाराने ते आधीच सांगितले होते.

बियांचा वापर करणाऱ्यांस एक इशारा. चिंचोके व सागरगोटे निर्धोक आहेत. चिंचोका फोडून त्याच्या डाळिंब्यांचे फासेही करता येतात. पांढरे अंग वर की काळे, यावर दान मोजावयाचे. परंतु बिब्बे कदापि घेऊ नयेत. त्यांच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. गुंजा दिसावयास फार सुंदर, आणि सोंगट्या म्हणून मुले त्या आवडीने गोळा करतात. पण गुंजेचे बी चावले गेल्यास जिवावर बेतते. पहिली-दुसरीच्या वर्गात तर त्या येऊच देऊ नयेत.

तयार संच प्रदर्शनासाठी कपाटात कुलूपबंद करण्याची चाल काही शाळांत आहे. तपासणीच्या दिवशी त्या सोंगट्या चकचकीत दिसतात, कारण त्यांस कोणाचा हातच लागलेला नसतो. संच वर्गात, मुलांच्या हाती असावा. प्रत्येक डावासाठी नाडीची एक कापडी पिशवी शिवून घ्यावी, तीवर चारही माथ्यांची चित्रे शाईने काढावीत आणि चित्राखाली ४ हा आकडा लिहावा. म्हणजे डाव आवरताना मुले स्वतःच मोजून भरतात. प्रत्येक माथ्याच्या दोन सोंगट्या आरंभीच जास्त करून मुख्याध्यापकांकडे ठेवाव्यात. खाच असलेल्या मात्र चार ठेवाव्यात. खाचेपाशी लाकूड बारीक झालेले असते, आणि आपटल्यावर प्रथम तीच मोडते.